कोणाच्या हाती काय द्यावं

आये, आज दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरातून भाताची वाफ बाहेर जात होती, खाडीवरचा उजेड आत येत होता, आणि त्या दोन्हींच्या मधे तू उभी आहेस असं मला उगाच वाटलं. तुला जाऊन किती वर्षं झाली. मी आता खाडीकाठच्या एका शाळेत शिकवते, आणि शुक्रवारी सातवीची मुलं पोषण आहाराच्या मावशींना मदत करतात, तुझ्याकडे आम्ही करायचो तशीच. कसालच्या अलीकडची ती आपली शाळा, धुराने काळवंडलेल्या कौलांखाली रांधणारी तू. तू आधी कुणालाच काम सांगायची नाहीस, नुसती बघत राहायचीस. मग ज्याला एका जागी बसवत नाही त्याला पाणी आणायला, जिची नजर बारीक तिला तांदूळ निवडायला. मला मात्र कायम ताटं मांडायला. मला फोडणी द्यायची होती. “तुजे हात बरे आसत गो, पण लक्ष वाऱ्यार. थोडे दिवस थांब,” तू म्हणायचीस.

मी थांबले नाही. एका शुक्रवारी तू मीठ आणायला वळतेस, मी तेलात मोहरी टाकते, ती तडतडते, मी दचकते आणि कढई कलंडते. तू मला ढकलतेस, तेल तुझ्या मनगटावर. हेडमास्तर धावत येतात, “पोरींनी हात लावला का?” “नाय गुरुजी, माज्याच हातातसून सुटली.” मी भिंतीला चिकटून गप्प. पुढच्या शुक्रवारी, हाताला फडकं बांधलेलं असताना, मला चुलीजवळ उभं केलंस. “डोळे मिट. भात शिजलो काय, वासावरना सांग.” माझं काम तुला सापडलं होतं.

आणि मी? वर्गातल्या एका मुलीला मीही ताटंच देत होते, तिला नीट न बघता. आज ती म्हणाली, “बाई, घरा मी आवशीवांगडा सुरमय कापतंय. हयसर माका ताटाच कित्याक?” घरी आईबरोबर मासे कापणारी ती! मी तिला सुरी दिली, भोपळा दिला. काय सुरेख फोडी केल्या तिने, सगळ्या सारख्या. शेवटी देठाशी सुरी निसटली आणि बोट कापलं, थोडंसंच. मावशींनी हळद दाबली. तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. “हिच्या हातात सुरी कोणी दिली?” मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मीच घेतलंय.”

“मी दिली,” मी म्हणाले. “तिला कापता येतं. पुढच्या शुक्रवारीही देणार आहे.”

हे कागद मी वहीतच ठेवीन, ते जाणार तरी कुठे. पण आये, तुला खरं सांगते. तिचं ते खोटं ऐकून मी लगेच बोलले नाही. क्षणभर मला बरं वाटलं होतं.