निळ्या शाईतलं उत्तर

सर, परवा काकू मुरबाडच्या स्टँडवर भेटल्या. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण अजून मला बघितलं की त्या आधी माझ्या पिशवीत काहीतरी कोंबतात आणि मग बोलतात. या वेळी वालाच्या शेंगा होत्या. त्यांची धसईची गाडी लागायची होती, म्हणून बाकावर टेकलो. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "एक इचारू गो? जायच्या आधी आमच्या ह्यांना काय व्हायचं का? तू तर दिवसभर बाजूला बसायचीस." मी म्हटलं, "नाय काकू. रोज तर ठणठणीत असायचे." त्यांनी मान हलवली. गाडी आली, त्या गेल्या. तेव्हापासून त्यांचा तो प्रश्न मनातून जात नाही.

किन्हवलीहून मी तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा कॉलेजातली हुशार म्हणून माझा तोरा काय होता! कारखान्यांतून आलेली यंत्रं चालू असताना किती विद्युत खरखर सोडतात, ते आपण अ‍ॅनालायझरवर मोजायचो. पहिल्याच महिन्यात एक पंपाचा स्टार्टर आला. मी सरासरीचा डिटेक्टर लावला, पडद्यावर झोपलेली सरळ रेष आली, मी रिपोर्ट छापला आणि ओरडले, "सर, पास!" तुम्ही चष्मा कपाळावर चढवता, खुर्ची ओढता, एकच बटण दाबता. त्याच जागी ताडासारखा सुळका उभा राहतो. "हा कुठून आला?" मी विचारते. "आला नाय, होताच. तू त्याला बाकीच्यांत कालवून टाकलास," तुम्ही म्हणता आणि सगळ्यांसमोर माझा रिपोर्ट टराटरा फाडता.

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला जवळ बसवून समजावलंत. पडद्यावरच्या एका ठिपक्यामागे शेकडो आकडे असतात, पण ठिपका एकच. त्यातला कुठला आकडा ठेवायचा, सगळ्यात उंच, सगळ्यात खालचा, सरासरी, की हाताला लागेल तो, ते डिटेक्टर ठरवतो, आणि डिटेक्टर आपण ठरवतो. सगळीकडे उंच टोकच धरलं तर साधी खरखरही डोंगराएवढी दिसते, हेही तुम्हीच सांगितलंत. "सरासरी खोटी नाय गो. पण क्षणभर येऊन जाणारं तिच्यात दिसत नाय. सरासरीला दुखत नाय. काय निवडलंस ते कागदावर लिवायचं, म्हंजे वाचणारा फसत नाय." आणि खिशातलं चार रंगांचं पेन मला दिलंत. उंच टोकाचा आकडा लाल शाईने, सरासरीचा निळ्या. त्या पेनाचा मला इतका अभिमान होता की घरी मी कोणाला हात लावू देत नव्हते.

आता ते लिहिते, जे काकूंना सांगितलं नाही. त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही तीनदा थांबलात. एकदा जिन्यात, कठडा धरून. एकदा चहा पिताना, कप तसाच खाली ठेवून. आणि गुरुवारी दुपारी अ‍ॅनालायझरसमोर, डावा हात चोळत. मिनिटभर व्हायचं आणि जायचं, मग तुम्ही पुन्हा नेहमीसारखे. गुरुवारी तुम्ही हसत हसत मला विचारलंत, "छातीत जरा आवळल्यासारखं व्हतं गो. डॉक्टरला दाखवू काय?" शनिवारी मोठ्या गिऱ्हाइकाचा रिपोर्ट द्यायचा होता, आणि तुमच्याशिवाय तो माझ्याने झाला नसता. मी मान वरही केली नाही. म्हटलं, "सर, दिवसभर तर ठीक असता. मिनिटभराचं काय घेऊन बसलात? शनिवार झाला की जा." तुम्ही म्हणालात, "ते पण खरंच." शनिवारी रिपोर्ट गेला. रविवारी सकाळी अंगणात तोंड धुताना तुम्ही पडलात.

मला तुमचाही राग येतो, सर. माझा रिपोर्ट फाडलात, मग त्या दिवशी मला का नाही फाडून खाल्लंत? एका अडाणी पोरीचं निळ्या शाईतलं उत्तर तुम्ही मुकाट्याने कसं मानलंत? तुम्हाला तरी कळायला हवं होतं. पण हे लिहितानाच मला माझीच लाज वाटते.

काकूंना मी खोटं सांगितलं नाही, असं दोन दिवस मनाला बजावते आहे. रोज तुम्ही ठणठणीतच असायचात. फक्त कुठला डिटेक्टर लावून सांगते आहे, तेवढं सांगितलं नाही. हे पत्र काकूंनाच द्यायला हवं, कारण प्रश्न त्यांनी विचारला होता. म्हणून आज कामावरून सुटल्यावर ते पिशवीत घालून स्टँडवर गेले. धसईची जीप भरत होती, एक सीट रिकामी होती, आणि ड्रायव्हर मला बघून "धसई, धसई" ओरडत होता. मी किन्हवलीच्या गाडीत बसले. आता घरी हे शेवटचं लिहिते आहे आणि इतक्या वेळाने लक्षात आलं, सर, त्या तीन वेळांचंही मी निळ्या शाईनेच लिहिलं आहे.