ग्रहणात झाडलेला पिंजरा

वाघोली,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आनंदी,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. कसबा पेठेत समोरासमोरच्या खिडक्यांत आपण वाढलो, त्यामुळे तुला दुसरं काय म्हणायचं ते अजून सुचत नाही. फोनवर तू वेळ मारून नेतेस, म्हणून पत्र.

मुक्ता पाच वर्षांची झाली. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर मधोमध डाग असल्यामुळे लेकीला समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझा चेहरा बघायचा तर ती मान वळवून भलतीकडेच बघते. लोकांना वाटतं, पोर लाजतेय. चष्म्याने किंवा ऑपरेशनने काही होणार नाही, हे मी तुला रडत रडत सांगितलं तेव्हा तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. तो हात आठवला की आता शिसारी येते.

पोटात असताना तिला कसलातरी संसर्ग झालाय, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. घरात उंदीर होते का, असंही त्यांनी विचारलं. मी ठसक्यात सांगितलं, नवव्या मजल्यावर उंदीर कुठले. तू एका लग्नाला नाशिकला जाताना माझ्याकडे ठेवलेले दोन हॅमस्टर माझ्या मनातही आले नाहीत. त्यांना नावं होती, त्यांच्यासाठी मी रोज काकडी चिरायची, ते उंदरांच्याच जातीचे हे मला कुठून सुचणार? पण तू तर जनावरांची डॉक्टर.

सासूबाईंना मात्र कारण लगेच सापडलं. डिसेंबरातल्या सूर्यग्रहणात मला चौथा महिना होता आणि मी गॅलरीत तुझा तो पिंजरा झाडत होते, हे त्यांनी पाहिलं होतं. मुक्ताच्या दुसऱ्या वाढदिवसाला भरल्या घरात त्या म्हणाल्या, "हिनं गिराण पाळलं न्हाई, पोरीनं भोगलं." जयसिंग नवरा असून खाली मान घालून बसला. तू एकटी बोललीस. ग्रहणाने काही होत नसतं, असं खणखणीत सुनावलंस. मला केवढा अभिमान वाटला होता तुझा, आनंदी. बाई, तुला खरं कारण ठाऊक होतं आणि तू अर्धंच बोललीस.

श्रावणात बुधवार पेठेत तुझा भाऊ माधव भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, त्या वर्षी ताईचे सगळे हॅमस्टर मेले, तपासणीत विषाणू निघाला, गरोदर बायकांना वाईट म्हणे, तुला तिने कळवलंच असेल. मला तर तू ते कोणालातरी देऊन टाकले असं सांगितलं होतंस. मी माधवला हो म्हणाले. तुझी अब्रू मी तिथेही राखली. मग मी आणि मुक्ताने तपासणीसाठी रक्त दिलं. नमुने बाहेर पाठवावे लागले. दोघींच्या रक्तात त्याच विषाणूची खूण सापडली. पिंजऱ्यातला भुसा झाडताना उडालेली धूळसुद्धा पुरते, असं डॉक्टर म्हणाले.

हॅमस्टर देताना तुला माहीत नव्हतं, हे मी मानते. पण कळल्यावर तुझ्या दवाखान्याचं नाव जाईल म्हणून तू गप्प बसलीस आणि माझ्याच घरात मला दोषी राहू दिलंस. इतक्या वर्षांत कितीदा माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायलीस. घोट कसा उतरला तुझ्या घशाखाली?

तरी हे मी गिळलं असतं. पण काल वेणी घालताना मुक्ता म्हणाली, "आई, आजी सांगते, तू ग्रहणात बाहेर गेलीस म्हणून मला असं दिसतं. पण मी तुझ्यावर रागावले नाहीये." मी तिला खरं सांगितलं. तिने समजूतदारपणे मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आता हिनं उंदीर शोधून काढले. या घरात माझ्या शब्दाला किंमत नाही, तुझ्या शब्दाला आहे. तेव्हा पुढच्या रविवारी ये. सासूबाई आणि जयसिंग, दोघांसमोर सांग, आणि मग मुक्ताला जवळ घेऊन तिलाही तूच सांग. माझी पोर माफ करायला तयारच बसली आहे. निदान जिची चूक आहे तिला माफ करू दे.

एके काळची तुझीच,
सुनीती