फांदीच्या बुडाशी

काओश्युंग, १९ नोव्हेंबर

चुआंग सर,

नमस्कार. शुद्धलेखन बघू नका, आधीच सांगते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत टाइप करतेय, त्यामुळे हळू चाललंय. मध्येच गिऱ्हाईक आलं की उठावं लागतं. फोनच करायला हवा होता, पण फोनवर माझं काय होतं तुम्हाला माहितीये. तुम्ही "हॅलो, हॅलो" करत बसला असता आणि मी इकडे नुसती श्वास घेत.

गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळं ठीक. आगुई मावशींनी दुकानाला नवीन बोर्ड लावलाय, त्यावरचा मासा वांग्यासारखा दिसतो. पण मालकीणबाईंना सांगणार कोण.

तुमचा मेसेज आणि फोटो परवाच मिळाला. कामं होती म्हणून उत्तर दिलं नाही असं लिहिणार होते. कामं नव्हती.

फोटो मोठा करून बघितला. शाळेच्या काचेच्या टाकीतला मोठा कोरल बुडापासून पांढरा पडत चाललाय. तुम्ही लिहिलंत की क्लबातल्या पिनयूने पाण्यात क्षार जास्त घातले असणार, म्हणून तिला टाकीला हात लावायला बंदी केलीये.

सर, क्षारांनी असं होत नाही. क्षार चुकले की आधी टोकं जळतात. हे खालून वर चाललंय, आणि फांद्यांच्या सावलीच्या बाजूने. नीट बघा, तिथे फिकट गोल ठिपके आहेत, सगळे एकाच मापाचे. ते खाल्ल्याचे आहेत. मोठा ड्रॉपर घ्या आणि फांदीवर जवळून जोरात पाणी मारा. कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखं काहीतरी सुटेल आणि वळवळत खाली जाईल. चपटे किडे. कोरल खाऊन खाऊन त्यांना त्याचाच रंग येतो, त्यामुळे बसलेले असताना अजिबात दिसत नाहीत. मग फांदीच्या बुडाशी बघा, जिथे नुसतं हाड राहिलंय तिथे. मधाच्या रंगाचे बारीक पुंजके असतील. ती अंडी.

औषधाच्या पाण्यात बुडवलं की किडे सुटतात, अंड्यांना काही होत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणजे अंडी खरवडायची, फांद्या वेगळ्या टाकीत ठेवायच्या, आणि उरलेली अंडी फुटत राहतात म्हणून दर आठवड्याला परत बुडवायचं. तुमच्या टाकीत काही महिने एकही फांदी ठेवायची नाही. या किड्यांना दुसरं काही चालत नाही, उपाशी मरतात.

पण मोठा कोरल खडकाला चिकटलेला आहे, तो अख्खा निघणार नाही. तोडावा लागेल. कितीतरी बॅचच्या मुलांनी वाढवलेला. मी पण दोन वर्षं रोज सकाळी त्याच्या टाकीची काच पुसली, वर्गात गेले नाही त्या दिवशीसुद्धा.

थांबा, गिऱ्हाईक.

आले. एक आजोबा होते, नातवासाठी मासा हवा होता, "न चावणारा". मावशी म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही त्याला चावू नका, तो नाही चावायचा तुम्हाला." आजोबा दोन मासे घेऊन गेले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

शाळेच्या वर्धापनदिनाला मी कोरलची ती निळी फांदी आणली. ती दुकानात नुकतीच आली होती. मावशींनी बजावलं होतं, नवीन माल आहे, दोन पौर्णिमा होईपर्यंत वेगळ्या टाकीतून हलवायचा नाही. पण मला शाळेत काहीतरी घेऊन यायचं होतं. आमची बॅच कॉलेजच्या गोष्टी करणार आणि मी काय बोलणार, मी माशांच्या दुकानात फरशी पुसते? अननसाचे केक आणले असते तरी चाललं असतं. ते सगळेच आणतात.

त्या सकाळी फांदी उलटी करून बघितली. बुडाशी एक पुंजका होता.

ब्लेडने खरवडला. औषधात बुडवली तर किडे पण पडले. पाणी मोरीत ओतलं. म्हटलं, झालं, निघाले सगळे. परत उलटी करून बघितलीच नाही. बघितली असती तर आणता आली नसती.

मग शाळेत. गेटपाशीच आमच्या बॅचचा हाओवेई माझ्या जुन्या नावाने ओरडला, "अरे, पाणबुडी वर आली! ऑक्सिजन संपला वाटतं!" सगळे हसले. मी पिशवी वर केली, उन्हात तो निळा रंग दिसला आणि सगळे गप्प झाले. सर, मी तिथे असताना लोक असे गप्प कधीच झाले नव्हते. खोटं कशाला बोलू, मला खूप बरं वाटलं.

तुम्ही टाकीचं झाकण उघडलंत. पिनयू औषधाची बादली घेऊन आली, आठवतं? म्हणाली, "सर, आधी यात बुडवायचं ना?" तुम्ही म्हणालात, "अगं, शिनरुईने आणलंय ते. घरी आलेल्या पाहुणीला दारातच आंघोळ घालतेस का?" परत सगळे हसले. पिनयू लाल झाली आणि बादली उचलून मागे गेली. मला तिची चाल ओळखीची वाटली. मी पण वर्गातून तशीच बाहेर पडायचे.

तिचं बरोबर होतं. मला माहीत होतं तिचं बरोबर आहे. "बुडवा" एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही फांदी मोठ्या कोरलच्या शेजारी लावलीत, वर म्हणालात, हात असावा तर शिनरुईसारखा. मी तेव्हाही काही बोलले नाही. आणि आता त्या मुलीला बंदी केलीये.

मावशींना काल सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "तोंडाला कुलूप घालून फिरतेस, किल्ली गिळलीस का गं?" एवढंच म्हणाल्या आणि मागच्या खोलीतली मोठी टाकी रिकामी करायला लागल्या, तुमच्या फांद्यांसाठी. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर, पिनयूला तुम्ही काही सांगू नका. बंदी तेवढी आजच उठवा, बाकी मी सांगते. शनिवारी क्लब असतो तेव्हा येते. छिन्नी, हातमोजे, औषध सगळं आणते. कोरल मी तोडेन, तुम्ही हात लावू नका. पण आधी सगळ्यांसमोर सांगेन की किडे कुणी आणले, आणि मला माहीत असून आणले. आवाज फुटला नाही तर फळ्यावर लिहीन. अक्षर वाईट आहे पण मोठं काढेन.

कोरल जगेल की नाही सांगता येत नाही. फोटोत टोकं अजून हिरवी आहेत. टोकं जिवंत असली तर त्यातून परत वाढतो, पण तेवढा मोठा व्हायला किती वर्षं लागतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. तोपर्यंत तुम्ही रिटायर झालेले असाल. हे लिहायचं नव्हतं, पण आता खोडत नाही.

तुमची माफी आत्ता मागत नाही. आधी पिनयूची मागायचीये. तिने नाही म्हटलं तर तुमच्याकडे कुठल्या तोंडाने येऊ.

तुम्ही जिला न तपासता आत घेतलंत ती,
शिनरुई

ता. क. काल आमच्या सिग्नलला पेरूचा ट्रक उलटला. कुणाला लागलं नाही, पण अख्ख्या रस्त्यावर पेरूच पेरू. स्कूटरवाले थांबून थांबून डिकीत भरत होते, पोलिसाची टोपीपण भरलेली. मी एक उचलला आणि ट्रकवाल्याला नेऊन दिला. तो फुटपाथवर बसला होता. म्हणाला, "खा गं पोरी."