बटणाची सावली

भिंगार, १२ डिसेंबर १९९८. संध्याकाळ.

पुण्याच्या कंपनीला दाखवायला माझ्या मधूनं कॉम्प्युटरवर वेबसाईटचं बटण केलंय. निळं, ओल्या गोटीसारखं चकचकीत. रंग एका थरावर, चमक दुसऱ्यावर, सावली तिसऱ्यावर. पण चमक डावीकडे आणि सावलीही डावीकडेच! लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सफरचंदाचं चित्र काढताना सिस्टर आम्हाला आधी विचारायच्या, उजेड कुठून येतोय?

सांगू का? बटण पसंत पडलं, तर लेक नोकरीला पुण्याला जाणार. तरी म्हटलं, "मधू, सावली उजवीकडे घे गं."

तिनं फक्त तो थर सरकवला आणि ते निळं बटण पडद्यावरून अलगद वर आलं, तरंगल्यासारखं.

"अगं आई, तूच चल की कंपनीत!"

गप्प राहिले असते, तर इथंच राहिली असती का ती? कोण जाणे. सोमवारी ती बटण दाखवायला पुण्याला निघेल, तेव्हा मीच तिला एसटीत बसवून देणार आहे.