फळीवरची टोपी

लापा, रिओ
३ जून २००८

प्रिय नेउझा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरशील. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, अधूनमधून चौकातल्या टेलिफोनवरून बोललो तेवढंच. म्हणून आधीच सांगतो, मी आजारी नाही, तुरुंगात नाही आणि कामही सुटलेलं नाही. मग फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, 'पुढच्या सांजांवला नक्की येतो.' सहा वेळा निघालं. कागदावर तुझा आवाज येत नाही, म्हणून कागद घेतला. सांजांवचा सण तीन आठवड्यांवर आलाय, गावात शेकोट्यांची लाकडं रचायला सुरुवात झाली असेल. त्या पेटायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं.

तू एकदा विचारलं होतंस, रिओतली माणसं प्रेम तरी कशी करतात? मी चेष्टेवारी नेलं होतं. आज सांगतो. आपल्याकडे सेर्जिपेत पोरगा तीन महिने चर्चमध्ये पोरीच्या मागच्या बाकावर बसतो, मग तिच्या आईच्या कोंबड्यांची चौकशी करतो, आणि मग कुठे पोरीकडे बघतो. इथे शुक्रवारी संध्याकाळी अख्खी लापा बिअरचे ग्लास घेऊन रस्त्यावर उभी असते. आधी मुका घेतात, मग नाव विचारतात, आणि पुढच्या शुक्रवारी ते नाव दोघांनाही आठवत नाही. त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. निरोप घेताना मात्र सगळे अगदी मायेने म्हणतात, 'कधीतरी घरी ये हं!' पत्ता कुणी देत नाही. पहिल्या वर्षी मी एकीला बावळटासारखं विचारलं होतं, 'कुठल्या गल्लीत?' तर ती मैत्रिणीच्या गळ्यात पडून हसायला लागली, 'अगं बाई, हा सेर्जिपेवाला खरंच यायचा!' मला फार लाज वाटली. वर्षभरात मीही तसंच म्हणायला शिकलो, आणि मला ते इतकं छान जमायला लागलं की तुझ्याशी बोलतानासुद्धा जीभ अडखळेना.

माझं काम तुला धड कधी सांगितलं नाही. 'हॉटेलात आहे' म्हणालो होतो. हॉटेल नव्हे, नाचघर आहे. 'एस्त्रेला', एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. दर गुरुवारी दुपारी चारपासून तिथे वयस्क बायकांचा नाच असतो. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा घरी टीव्हीसमोर बसून जाड झालेला. पावडर लावून, अत्तर फासून त्या येतात आणि आमच्यासारख्यांना त्या दिवसापुरतं नाचायला ठरवतात. मी चांगला नाचतो, हे तुला सांगायला नको. इथले नियम कडक आहेत, भिंतीवर पाटीच लावली आहे. टोपी घालून नाचायचं नाही. ती खाली काउंटरवर द्यायची आणि पितळी बिल्ला घ्यायचा. बाईने एका पुरुषाला नकार दिला तर ते गाणं तिने बसून काढायचं, दुसऱ्याबरोबर उठायचं नाही. आणि पुरुषाने बाईला नाच संपल्यावर तिच्या खुर्चीपर्यंत पोचवायचंच. गाणं अर्धं असताना तिला मध्येच सोडून जाणं म्हणजे चारचौघांत तिच्या थोबाडीत मारणं.

झोराइदेबाईंनी मला चार वर्षांपूर्वी ठरवलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, पासष्टीची, बोलणं पट्टी मारल्यासारखं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, 'हे बघ पोरा, दात दाखवू नकोस, मी काही तुला नाचायला घेतलेलं नाही. माझ्या खुर्चीमागे उभा राहा आणि माझा माणूस असल्यासारखा दिस. म्हणजे कुणी येऊन हात पुढे करणार नाही आणि मला कुणाला नाही म्हणत बसावं लागणार नाही.' त्यांच्या टेबलाशी दोन खुर्च्या असायच्या. एकीवर त्या बसायच्या, दुसरीवर त्यांची पर्स. कुणी खुर्ची मागायला आलं की म्हणायच्या, 'दिसत नाही का, माणूस आहे.' आमच्यातले पोरटे मला चिडवायचे, 'काय रे जेनिवाल, पर्सशी जमलं का?' मीही हसायचो. फुकटचे पैसे मिळतायत असंच वाटायचं मला.

फक्त एका गाण्याला त्या उठायच्या. एक जुना, संथ चालीचा बोलेरो होता, बँडवाले तो त्यांच्यासाठी दर गुरुवारी वाजवायचे. माझा दंड धरून त्या बरोबर मधोमध यायच्या, अर्धं गाणं नाचायच्या, फार सुरेख नाचायच्या, आणि मग थांबायच्या. माझा हात सोडायच्या आणि तशाच उभ्या राहायच्या, दाराकडे बघत, गाणं संपेपर्यंत. बाकीची जोडपी आम्हाला वळसा घालून नाचत राहायची. पहिल्या वेळी, बाईला काही झालं की काय, म्हणून मी हात पुढे केला तर दटावून म्हणाल्या, 'गप उभा राहा, मोजते आहे मी.' उरलेल्या गाण्याचे ठोके मोजत होत्या, कशासाठी ते मला पुढे कळलं.

सत्तर साली, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, ह्याच जागी, ह्याच गाण्यात अनीसिओ त्यांना म्हणाला, 'आलोच हं,' आणि गेला तो गेला. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. महिन्याभराने त्यांचं लग्न व्हायचं होतं. ती लष्कराच्या राज्याची वर्षं, कसली होती ते तुझ्या वडिलांना विचार. छापखान्यातली माणसं रस्त्यावरून उचलली जायची आणि घरी परत यायची नाहीत. झोराइदेबाई तुरुंगांच्या आणि छावण्यांच्या दारांवर उभ्या राहिल्या. कुणी म्हणे, इथे नाही. कुणी हसून म्हणे, बाई, तुझा माणूस पळाला. ह्या दुसऱ्या लोकांसाठी त्यांच्याकडे एक उत्तर होतं. 'त्याची टोपी काउंटरवर आहे. पळून जाणारा माणूस टोपी ठेवून जातो होय?' आणि टोपी होतीच. काउंटरमागच्या सगळ्यात वरच्या फळीवर, काळ्या फितीची, पांढरी, पुढे पुढे पिवळी पडलेली. दर गुरुवारी जिना चढायच्या आधी त्या मान वर करून विचारायच्या, 'आहे ना ग?' काउंटरवरची इरासीमावशी म्हणायची, 'आहे की. जाते कुठे?' झोराइदेबाईंनी ती कधी हातात घेतली नाही. बिल्ला अनीसिओच्या खिशात गेला होता, आणि बिल्ल्याशिवाय टोपी द्यायची नाही असा नियम. शिस्तीच्या बाई त्या, नियम मोडा म्हणाल्या नाहीत. अडतीस वर्षं खालूनच बघत राहिल्या.

गेल्या वर्षी इरासीमावशीचे गुडघे गेले आणि ती भावाकडे राहायला निघाली. शेवटच्या दिवशी तिने मला काउंटरच्या आत बोलावलं. म्हणाली, 'तू तिच्यामागे उभा असतोस म्हणून तुला सांगते. हे ओझं मी भावाच्या घरी नेणार नाही.' त्या गुरुवारी अनीसिओ जिना उतरून तिच्याकडे आला होता. एकटा. मागे पोलीस नाहीत, कुणी नाही. बिल्ला ठेवला, आपली टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली. इरासी तेव्हा एकोणीस वर्षांची. थट्टेने म्हणाली, 'गाणं तर संपू द्यायचं!' तो म्हणाला, 'संपू दिलं तर माझ्याच्यानं निघवणार नाही.' आणि गेला. थोड्या वेळाने झोराइदे धावत खाली आली. ओठ पांढरे पडलेले, चपलेचा पट्टा तुटलेला. विचारलं, 'त्याची टोपी आहे का ग?' इरासी मला म्हणाली, 'बाबा रे, मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझा हात आपोआप वर गेला. कुणीतरी वर्षापूर्वी विसरून गेलेली टोपी होती, ती दाखवली. म्हटलं, आजची रात्र तरी झोपेल बिचारी. उद्या खरं सांगू.' उद्या काही तिला सांगवलं नाही. मग परवाही नाही.

नेउझा, तेव्हापासून झोराइदेबाईंच्या खुर्चीमागे उभं राहणं मला जड जायला लागलं. त्या जिन्याखाली मान वर करायच्या आणि मी दुसरीकडे बघायचो. सांगावं असं पन्नासदा मनात आलं. पण अडतीस वर्षं काढून घेऊन मी त्यांच्या हातात काय ठेवणार होतो? एप्रिलात त्यांनी स्वतःच विचारलं. पर्स मांडीवर घेतली, मला त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायला सांगितलं, चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, 'तू पुरुष आहेस, तरुण आहेस, घर सोडून आलेला आहेस. खरं सांग. चांगला पुरुष, प्रेम करणारा, असा मधूनच उठून जातो का?' मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, 'नाही बाई. त्यांना नेलंच असणार. नाहीतर टोपी ठेवून कोण जातं?' त्यांनी माझा हात थोपटला. नारळाची मिठाई मागवली आणि अर्धी मला दिली. मी ती खाल्ली.

मे महिन्यात त्या गेल्या, झोपेतच. दुसऱ्या दिवशी त्यांची भाची नाचघरात आली. झोराइदेबाईंनी लिहून ठेवलं होतं, 'अनीसिओची टोपी माझ्याबरोबर कबरीत ठेवा, आता बिल्ला मागू नका.' काउंटरवरच्या नव्या पोरीला जुनं काही ठाऊक नाही, म्हणून शिडीवर मी चढलो. टोपी खाली घेतली, उलटी केली. आत कातड्याच्या पट्टीवर शाईने नाव लिहिलेलं होतं, ठळक, पूर्ण. अनीसिओ नव्हे. कुणी तरी ओरोझिम्बो. भाची खाली हात पसरून उभी होती. मी शिडीवरच पाठ फिरवली, चाकूने ती पट्टी सोडवली, खिशात घातली आणि टोपी तिच्या हातात दिली. ती रडत म्हणाली, 'किती जपलीत हो तुम्ही लोकांनी.' दुसऱ्या दिवशी कुणा परक्या माणसाची टोपी छातीशी धरून झोराइदेबाई मातीत गेल्या. कबरीच्या दगडावर त्यांच्या नावाशेजारी अनीसिओचंही नाव कोरलंय, पुढे 'ह्याला नेलं' असं.

त्यानंतर मला धड झोप नाही. फळीवर धुळीत टोपीचा गोल उमटलाय, तो कुणी पुसला तर बरं होईल, पण मी पुसत नाही. बोलेरो वाजला की मी खोलीच्या मधोमध बघतो आणि तिथे कुणी उभं नाही ह्याचीच भीती वाटते. ती पट्टी अजून माझ्या खिशात आहे. पण मला जागं ठेवतं ते हे नव्हे. ईस्टरला तू फोनवर जे बोललीस ते मला जागं ठेवतं. औषधाच्या दुकानातला तो विधुर यंदाही विचारत होता, सांजांवला माझ्याबरोबर नाचशील का, आणि तू त्याला तिसऱ्यांदा नाही म्हणालीस, हे तू हसत हसत सांगितलंस. मग म्हणालीस, 'मी दर रविवारी तुझ्या बुटांना पॉलिश करते. नाचाचे बूट ठेवून गेलाय म्हटल्यावर माणूस येणारच की.'

नेउझा, ते पांढरे-तपकिरी बूट मी विसरलो नव्हतो. ट्रक पहाटे निघायचा होता, तू चुलीपाशी माझ्या शिदोरीचा मक्याचा कुसकुस बांधत होतीस. तेव्हा मी ते पिशवीतून बाहेर काढले, आपल्या खाटेखाली सारले, टाचा भिंतीकडे करून, तुला झाडताना दिसतील असे. तुला धीर राहावा म्हणून ठेवले, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तू मागे हाका मारू नयेस म्हणून ठेवले. रिओत उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुसरे घेतले. तू काही चुकली नाहीस, कुणी दुसरी मला भुलवून घेऊन गेली असंही नाही. मी भ्यालो, आणि नंतर मला इथे बरं वाटायला लागलं, एवढंच आहे. मला कुणी नेलं नाही. मी गेलो. मी येणार नाही. झोराइदेबाईंना हे कुणी पहिल्याच रात्री सांगितलं असतं तर त्या वर्षभर रडल्या असत्या आणि मग उठून नाचल्या असत्या. तू मला शिव्या घाल, तुझ्या भावाला घालायला सांग, पण ह्या रविवारी त्या बुटांना हात लावू नकोस. कुणाला येत असतील तर देऊन टाक, नाहीतर शेकोटीत घाल. आणि चोवीस तारखेला मंडपात त्या माणसाने हात पुढे केला, आणि तुझ्या मनात असलं, तर माझ्यासाठी बसून राहू नकोस.

पत्राखाली 'तुझाच' लिहायची रीत आहे. पण तीही फळीवर ठेवलेली टोपीच होईल, म्हणून नुसतंच,

जेनिवाल