नानांचा डबा आणि आईचं वाण

२९ डिसेंबर

सुगंधाचा फोन. रोह्याला आईपाशी अर्धा दिवस असते ती. "ताय, आजीला आता एकटी ठेवायची नाय. मी अख्खा दिवस ऱ्हाते, पण पगार तसा द्या. नायतर फेब्रुवारीपासून धाटावला कंपनीच्या कॅन्टीनात बोलवतायत मला." बोलते ते खरं आहे, म्हणून जास्त राग येतो.

यांना सांगितलं. मोबाईलमधून मान वर न करता, "मग आईंना इकडे पेणेलाच आण." दिवाळीत आणलं होतं की! तिसऱ्या दिवशी रामवाडीच्या नाक्यावर हायवेत उभी राहून ट्रकला हात करत होती. रोह्याची गाडी पाहिजे होती. "नाना ड्यूटीवरून येतील, भात टाकायचाय." कुणीतरी भला माणूस हाताला धरून घेऊन आला.

नाना श्रावणात गेले. तिला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली आणि दुसऱ्या दिवशी विसरली. तेव्हापासून सांगणं सोडलं. सकाळी कुंकू मागते. सुगंधा लावते. मीच म्हटलं, लाव.

थोडक्यात, आईने रोह्यातच राहायचं आणि सुगंधाने दिवसभर. पैसे कुठून? हे म्हणाले, "नानांचा नाण्यांचा डबा आहे ना. विकून टाक."

३१ डिसेंबर

मागच्या फेरीत डब्यातली मूठभर नाणी आणली होती, ती पेणेतल्या सराफाला दाखवली. चिमटीत धरून म्हणाला, "ताई, ही सगळी चाललेली. झिजलीयत." मग? चालवायलाच पाडली होती ना? पण त्याने नागोठण्याच्या एका गृहस्थांचा नंबर दिला. दिवेकर. जुनी नाणी जमवतात.

संध्याकाळी हे खुशीत. कुठल्याशा व्हिडिओवाल्याशी बोलले होते. आपल्याकडच्या वीस पैशाला तो लाखभर देणार, फक्त आधी नोंदणी फी भरायची. फोन हातातून काढून घेतला. नोकरीत हिशेब तपासण्यात जन्म गेला या माणसाचा.

४ जाने., रविवार

रोहा. ट्रंकेतून डबा काढला. बिस्किटांचा, झाकणावरचं चित्र पार उडालेलं. जड.

नाना कंडक्टर. मिठागरांकडच्या फेरीला म्हाताऱ्या पदराच्या गाठीतून काय वाटेल ते काढायच्या. ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, चौकोनी दोन आणे. केव्हाच बंद पडलेलं. नाना ते घ्यायचे, तिकीट फाडायचे आणि बॅगेत आपल्या खिशातलं चालू नाणं टाकायचे. "म्हातारीला उन्हात उतरवू काय?" आई चिडायची. आमच्या वह्यांचे पैसे म्हाताऱ्या फिरवतात म्हणायची. सगळा डबा असा भरलेला. चांदीचा राणीछाप रुपया एकच. तो कुठून आला ते नानांनी कधी सांगितलं नाही.

फोटो काढायला डबा जमिनीवर ओतला तर आई येऊन बसली. भोकाचे एका बाजूला, चौकोनी दुसऱ्या बाजूला. तासभर एका जागी! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उठून दाराशी गेली नाही. म्हटलं, राहू दे डबा खालीच. हाताला चाळा.

(हे नंतर लिहिलं: इथे चुकले. तेव्हा कुठे कळलं होतं.)

८ जाने.

शिवायला आलेल्या काळ्या साड्यांच्या ब्लाउजांचा ढीग. सगळ्यांना संक्रांतीच्या आधी पाहिजेत आणि सगळ्यांनी माप वाढलेलं नाही असंच सांगायचं.

दिवेकरांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला. बोलणं सभ्य. "बाकीच्यात फार दम नाही, खरं सांगतो. पण राणीछाप आहे म्हणून सगळा डबा घेतो." आकडा सांगितला. सुगंधाचा पावसापर्यंतचा पगार निघतो. पुढचं पुढे. २८ तारखेला रोह्याला येऊन नेणार.

किती दिवसांनी नीट श्वास घेतला.

११ जाने., रविवार

रोहा. राणीछाप तेवढा पर्समध्ये टाकून आणला. इतक्या किमतीची वस्तू खाली लोळत नको.

१२ जाने.

सकाळीच सुगंधा. आईने रात्रीपासून घास घेतलेला नाही. डबा उलटापालटा करून शोधतेय. "नाना आले की काय सांगू? माझ्याकडून त्यांचा रुपया हरवला."

मी येऊन गेले हे विसरली. काल काय खाल्लं हे विसरली. रुपया नाही विसरली.

दोन ब्लाउज तसेच टाकून दुपारच्या गाडीने गेले. तिचं लक्ष नाही बघून रुपया डब्यात सरकवला. थोड्या वेळाने आरोळी, "गावला गो!" मग आमटीभात खाल्ला, वर मलाच, "तू कधी आलीस? तोंड का असं केलंस?"

येताना गाडीत मनसोक्त रडले. शेजारच्या बाईने खिडकी दिली.

१५ जाने.

सुगंधाचा फोन. काल आईने आळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. स्वतः दारात उभी राहून हाका मारल्या. मी म्हटलं, बरं झालं, चार माणसं आली. सुगंधा म्हणाली, "ताय, तुमी एकदा येऊन जा."

१६ जाने.

गेले. डबा उचलला तर हलका. वाजतो वेगळाच.

तिळगूळ, हळदीकुंकू, ओंजळभर तांदूळ आणि वाण म्हणून नानांचं एकेक नाणं. रीतसर ओट्या भरल्या तिने. विधवा बाईने!

शेजारच्या मालतीकाकू मागच्या दाराने आल्या. मूठ उघडली. ढब्बू पैसा. "घे गो ह्यो परत. मी नाय म्हणणार व्हते. पण काय म्हणून नाय म्हणू? बाय, तुझा नवरा गेला, तू ओटी नको भरू, असा तोंडावर सांगू? इतकी खुशीत व्हती. सगळ्याजणी वाकून पाया पडल्या तिच्या."

मी घेतला नाही. दिलेलं वाण परत कसं घ्यायचं? "ठेवा काकू," म्हटलं. काकूंचे डोळे भरले, माझेही, आणि आई आतून विचारतेय चहा कुणाकुणाला.

सुगंधालाही भोकाचा पैसा. तिने काळ्या दोऱ्यात ओवून मुलीच्या कमरेला बांधलाय. मला दाखवून म्हणाली, "कापून देऊ काय?" नको म्हटलं.

डबा ट्रंकेत घालून कुलूप लावलं. आई ट्रंकेला टेकून बसली. नुसती बसून. अर्ध्या तासात मीच कुलूप काढलं. आईला सांगितलं, आता पुरे झालं हळदीकुंकू. "अशी कशी? रथसप्तमीपावेतो चालतं." हे बरोबर लक्षात!

१८ जाने., रविवार

हे म्हणाले, "आळीत फिरून गोळा करून आण. नाणीच तर आहेत." म्हटलं, तुम्ही जा. प्रत्येकीला सांगा, सासूबाईंनी ओटीत घातलेलं काढा. त्यांनी मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाले, "जाऊ दे. माझ्याच्याने नाही होणार." पहिल्यांदा कशात तरी एकमत.

दिवेकरांना फोन करून जे झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "राणीछाप आहे ना? मग येतो. बाकी जे असेल ते बघू."

सुगंधाला रोज फोन. आज कोण आलं, काय गेलं. "राणीछाप हाय ताय, हाय." शेवटी ती पण वैतागली. तिला काय राखण करायला ठेवलंय?

२२ जाने.

काही नाही. म्हणजे आई बरी आहे. रोज कोणी ना कोणी येतंय. दोघी तर दोनदा आल्या. आळीतल्या ज्या बायका नाना गेल्यावर पंधरा दिवसांत यायच्या थांबल्या होत्या, त्या येतात, आईपाशी बसतात, वेणी घालून देतात. नाण्यासाठी येतात असं म्हणायला मन होत नाही. आणि तसं असलं तरी...

सुगंधाला एक तारखेच्या आत उत्तर द्यायचंय.

२५ जाने., रविवार, रथसप्तमी

ठरवून गेले. आज शेवटचा दिवस, जे उरलं असेल ते घेऊन यायचं. जेवली नाही तर दोन दिवस नाही जेवणार. डॉक्टर आहेत. मन घट्ट करायचं. साडी नेसून गेले, हळदीकुंकवाची, म्हणजे तिला संशय नको.

डब्यात दहा पैशांची पाचसहा नाणी, अॅल्युमिनियमची. राणीछाप नाही.

सुगंधाकडे बघितलं. तिने मान हलवली, तिला माहीत नाही. मी डबा उलटा केला, चटईखाली बघितलं, देव्हाऱ्यात बघितलं. आई शांतपणे बघत होती. काय शोधतेस विचारलंही नाही. म्हणाली, "आधी पाटावर बस. पेणेवरनं आलीस नि तशीच जाशील?"

बसले. हळद, कुंकू. बरोबर मध्ये लावलं. पदर पसरला. तांदूळ, नारळ. मग तिने कमरेला खोचलेला रुमाल काढला, गाठ सोडली आणि राणीछाप माझ्या ओटीत टाकला.

"तुझ्यासाठी काढून ठेवलेला. नायतर ह्या बाया बघतात. तुझ्या नानांना विचारलं नाय मी. आले की सांगीन, बायला दिला."

मी म्हणू शकत होते, आई, अगं नाना नाहीत. तू ओटी भरायची नसते. हा रुपया सुगंधाच्या पगारासाठी आहे, तू तुझ्या घरी राहावंस म्हणून, बुधवारी एक माणूस येणार आहे. यातलं एकही वाक्य तिला सांगण्यासारखं नव्हतं.

पाया पडले. म्हटलं, "सांग. मला दिला म्हणून सांग."

"मोडायचा नाय हां," ती म्हणाली, आणि भात टाकायला उठली.

पेणेला पोचून बराच वेळ झाला. हे विचारतायत, मिळाला का. सुगंधाचा मेसेज, "ताय काय ठरला?" दिवेकरांचा फोन दोनदा वाजून गेला.

साडी अजून बदललेली नाही. रुपया बांधलेली पदराची गाठ तशीच आहे.