हसवणारे शब्द

अर्जेंता, १२ नोव्हेंबर १८३८

प्रिय एवाझिओ,

तुझ्या गुडघ्यांना आराम असेल. इकडे दोमितिला आणि मी बरे आहोत. नदी चढलीय, यंदाची वाइन आंबट निघाली.

फेराऱ्यात आपला जुना ऑपेरा पुन्हा लागतोय, वाचून बरं वाटलं. नव्या गायिकेसाठी शेवटचं गाणं बदलून हवं म्हणतोस. चाल मिळाली. मात्रा कळाव्यात म्हणून नेहमीप्रमाणे तू तिच्यात काहीबाही शब्द भरलेस, त्यांच्या जागी मी कविता बसवायची. आपलं आयुष्य असंच गेलं. मास्तरकी सुटली तरी संध्याकाळी ओट्यावर बसलो की अजून वर्गातली मुलं एका सुरात कविता म्हणताना ऐकू येतात. शब्दांवर माझा फार जीव रे. पण लोक चाल गुणगुणत घरी जातात. रिवाजाप्रमाणे पहिले तीन प्रयोग संगीतकार म्हणून तू वादकांमध्ये, सगळ्यांच्या नजरेसमोर. मी पडद्याआड, ओळी पुटपुटत. असो. त्याचं मला काही नाही.

काल दोमितिला वाम मासे साफ करत आपल्या त्याच ऑपेरातलं पहिलं गाणं म्हणत होती. मी सुखावून दाराशी थांबलो. तर काय, ‘कोंबडीनं टोपी घातली, हाय हाय!’ माझी कविता नव्हेच, तुझे ते कच्चे शब्द!

“हे तुला कुणी शिकवलं?”

“एवाझिओनं. तुम्ही शाळेत असायचात तेव्हा यायचा की.”

“कशाला?”

“मला हसवायला. तुमच्या कवितेतली बाई पडदा उघडल्यापासून मरायला टेकलेली. अहो, कधीतरी जगू द्या तिला!”

इतक्या वर्षांत हे मला तू सांगितलं नाहीस, तिनंही नाही. आणखी काय सांगितलं नाहीत, ते मी विचारत नाही.

आज सकाळी नवं गाणं लिहिलं. नायिका मरत नाही. विषाची बाटली उघडते, हुंगते, म्हणते, ‘शी! यापेक्षा नवऱ्याचं सूप बरं,’ आणि जेवायला बसते. दोमितिलाला वाचून दाखवलं. ती हसली. ओला हात तोंडावर दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पुन्हा वाचा म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तुझी चाल तिनं अजून ऐकलेली नाही, एवाझिओ. नुसत्या शब्दांना हसली.

म्हणून ते गाणं मी पाठवत नाही. फेराऱ्यातली बाई मरू दे जुन्या ओळींवर. प्रयोगाला आम्ही येणार नाही, आणि तूही इकडे यायची तसदी घेऊ नकोस.

दोमितिलाचा नवरा,
ओलिंदो